उन्हाळ्याची मुभा

वामकुक्षीला धर्माज्ञेचा आधार हवा असेल, तर तो सहाव्या शतकातल्या इटलीत सापडतो. संत बेनेडिक्टनं मठासाठी लिहिलेल्या नियमावलीतलं अठ्ठेचाळिसावं प्रकरण रोजच्या कामाबद्दल आहे. ईस्टर ते एक ऑक्टोबर या काळात संन्याशांनी सकाळच्या गारव्यात कामं उरकावीत, ऊन तापू लागलं की वाचायला बसावं आणि दुपारची प्रार्थना नि जेवण झालं की आपापल्या खाटेवर निमूट पडावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. कुणाला झोप येत नसेल तर त्यानं खुशाल वाचावं. फक्त शेजाऱ्याची झोपमोड होता कामा नये. त्या काळी वाचणं म्हणजे बहुधा आवाज काढत वाचणं असे, त्यामुळे ही तंबी गरजेची होती. उठल्यावरची प्रार्थनाही नेहमीपेक्षा थोडी अलीकडे घ्यायची, मग संध्याकाळपर्यंत पुन्हा काम.

हे लिहिणारा माणूस ऐषारामी मुळीच नव्हता. बेनेडिक्टचा जन्म साधारण ४८० सालचा, मध्य इटलीतल्या नुर्सिया गावचा. रोममधलं शिक्षण अर्धवट सोडून तो सुबियाकोच्या डोंगरातल्या गुहेत एकटा राहिला आणि पुढे ५२९ च्या सुमारास त्यानं मोंते कासिनोच्या टेकडीवर मठ उभारला. त्याच्या नियमावलीत त्र्याहत्तर प्रकरणं आहेत. स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही, मठाधिपतीचा शब्द मोडायचा नाही, अपरात्री उठून स्तोत्रं म्हणायची, शेवटच्या प्रार्थनेनंतर चकार शब्द काढायचा नाही. एवढ्या कडक चौकटीत उन्हाळा मात्र पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

रात्र लहान, म्हणून उन्हाळ्यात रात्रीच्या प्रार्थनेतली लांबलचक वाचनं गाळायची आणि जुन्या करारातला एकच छोटा उतारा पाठ म्हणायचा. स्तोत्रं मात्र बाराच्या बारा. तिथे सूट नाही. अंगावरचा झगा हिवाळ्यात लोकरीचा जाड, उन्हाळ्यात पातळ किंवा वापरून विरलेला. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ, कारण एक एखाद्याला सोसला नाही तर दुसरा तरी पोटात जावा. आणि फळं किंवा कोवळी भाजी मिळाली तर तिसराही पदार्थ. बुधवारी आणि शुक्रवारी दुपार टळेपर्यंत उपास, पण शेतात काम असेल किंवा उकाडा फारच असेल तर तो मोडायची मुभा. वाइनच्या बाबतीत तर बेनेडिक्ट चक्क हात टेकतो. वाइन संन्याशासाठी नव्हेच, असं म्हणतात खरं; पण हे आजकालच्या संन्याशांना पटवणं अशक्य, तेव्हा निदान बेतानं प्यावी, असा त्याचा सूर आहे. दिवसाचं माप एक ‘हेमिना’, म्हणजे साधारण पाव लिटर. आणि कामाचा भार किंवा उन्हाळ्याचा ताप पाहून वरिष्ठाला ते वाढवताही येतं.

या सगळ्या सवलतींच्या मुळाशी एक कारण आहे आणि ते बेनेडिक्टनं लपवलेलं नाही. त्याला कुरकुर सहन होत नसे. नियमावलीत तो ज्या दोषांवर तुटून पडतो, त्यांत कुरकुरीचा क्रमांक फार वरचा. पण नुसतं ‘कुरकुरू नका’ असं सांगून तो थांबत नाही. मठाधिपतीनं सगळं असं बेतावं की कुरकुर करायला रास्त कारणच उरू नये, ही जबाबदारीही तो वरिष्ठावर टाकतो. उन्हात राबलेल्या माणसाला सावली, पाणी, झोप आणि एखादं फळ मिळालंच पाहिजे. बेनेडिक्टाइन मठांत पिढ्यान् पिढ्या जपलेल्या साध्यासुध्या सुखांचा उगम या हिशेबी शहाणपणात आहे. ही सुखं चोरून लाटलेली नसतात, ती नेमून दिलेली असतात.

* * *

हा हिशेब आज कसा चालतो, हे पाहायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जाता येईल. मिनियापोलिसच्या वायव्येला साधारण सव्वाशे किलोमीटरवर कॉलेजव्हिल नावाचं ठिकाण आहे आणि तिथे सेंट जॉन्स ॲबी हा मठ. बव्हेरियातल्या मेटेन मठातला बोनिफेस विमर १८४६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात आला आणि त्यानं अमेरिकेतला पहिला बेनेडिक्टाइन मठ काढला. तिथून निघालेले पाच जण १८५६ मध्ये मिनेसोटात पोहोचले. जंगल तोडून शेती करू लागलेल्या जर्मन कुटुंबांना आपल्या भाषेत बोलणारे पाद्री हवे होते. लगेच पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली. तीच आजची सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी.

मराठी वाचकाला जुना ख्रिस्ती धर्मगुरू म्हटलं की ‘क्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स आठवतात. ते जेझुइट; पाठवतील तिथे जायचं, हा त्यांचा बाणा. बेनेडिक्टाइनांची शपथ याच्या उलट टोकाची. आज्ञापालन आणि मठाच्या रीतीनं आयुष्य बदलत नेणं यांच्या जोडीला त्यांचं एक खास व्रत असतं ते स्थैर्याचं: ज्या मठात दीक्षा घेतली, त्याच मठाचे होऊन राहायचं. काम कुठेही पडो, घर तेच आणि स्मशानभूमीही तीच. एकाच तळ्यावरचे पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेली माणसं अशा मठात असतात, त्याचं कारण हे व्रत.

तळ्याचं नाव सॅगटागन. लाडानं ‘सॅग’. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतो, तळी गोठतात आणि हा बर्फ बहुधा एप्रिलमध्ये फुटतो. अशा मुलखात उन्हाळा म्हणजे नकोसा उकाडा नव्हे, तर वर्षभर वाट पाहावी असा पाहुणा. जूनच्या अखेरीला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. रात्रीचं जेवण आणि संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावरही पोहायला, डोंगी वल्हवायला, गळ टाकून बसायला भरपूर उजेड उरतो. पाण्यावर लून पक्ष्याची साद ऐकू येते. काळंपांढरं चौकडीचं अंग नि लाल डोळा असलेला हा पाणपक्षी मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. गवतावर काजवे असतात. आणि डास असतात, भरपूर. त्यांच्यापुढे कुठल्याच नियमावलीचं काही चालत नाही.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर ‘स्टेला मारिस’ म्हणजे सागरतारका या नावाचं मरियेचं छोटं चॅपेल आहे. पहिलं बांधलं १८७२ मध्ये. ते विजेनं पेटून १९०३ मध्ये जळालं आणि आजची वास्तू १९१५ ची. मठापासून तिथवर जंगलातली पाऊलवाट जाते. तळ्याला वळसा घालत जाणारी ही वाट संन्याशांची, विद्यार्थ्यांची, पाहुण्यांची आणि आसपासच्या गावांतल्या कुटुंबांची रोजची आवडती फेरी आहे. कुणी जपमाळ ओढत जातं, कुणी कुत्र्याला घेऊन. कॉलेजात असताना इथे फिरलेली जोडपी पुढे मुलाबाळांना घेऊन येतात. या करमणुकीचा खर्च शून्य.

जंगलाचं मात्र तसं नाही. मठाच्या मालकीची अडीच हजार एकरांहून जास्त जमीन आहे: ओक आणि मेपलचं रान, तळी, दलदल आणि मुद्दाम परत रुजवलेलं प्रेअरी गवताळ माळरान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, १८९४ च्या जून महिन्यात, चक्री वादळानं इथली असंख्य झाडं भुईसपाट केली. जर्मनीतलं वनशास्त्र ठाऊक असलेल्या संन्याशांनी त्या जागी पाइनची रोपं लावायला घेतली. राज्यातल्या सर्वांत जुन्या पाइन-लागवडींत आज तिची गणना होते. प्रेअरी आणि दलदल पूर्ववत करण्याचं काम १९८० च्या दशकात फादर पॉल श्विट्झ यांनी नेटानं उभं केलं आणि १९९७ मध्ये सगळी जमीन वनोद्यान म्हणून जाहीर झाली. लावलेलं झाड आपल्या हयातीत कापायला येणार नाही, हे माहीत असूनही इथे झाडं लावली जातात, कारण ती कापायला मठ जागेवर असेल याची खात्री असते.

कापलेलं लाकूड जातं मठाच्या सुतारशाळेत. विद्यार्थ्यांच्या खोल्यांतली टेबलं, पलंग, कपाटं तिथेच बनतात. ओकची फळी बनवली म्हणजे झालं, असं नसतं. ती वाळावी लागते, नाहीतर टेबल पुढे वाकतं. चर्चमधल्या ऑर्गनचा अलीकडे विस्तार झाला, तेव्हा त्याच्या मोठ्या लाकडी नळ्यादेखील घरच्या लाकडातून घरच्या कारागिरांनी केल्या. मठातली अवजारं वेदीवरच्या पात्रांइतकीच पवित्र मानून सांभाळावीत, असं बेनेडिक्टचं सांगणं आहे. सुतारशाळेत आणि बागेच्या टपरीत खुरपं-करवत जागच्या जागी टांगलेली दिसावीत, यासाठी याहून भक्कम शास्त्राधार मिळणार नाही.

उन्हाळ्याच्या न्याहारीला मेपलचा पाक असतो, पण तो तयार होतो त्याआधी. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा, १९४२ मध्ये, संन्याशांनी जंगलातल्या मेपलांना भोकं पाडून रस गोळा करायला सुरुवात केली. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब, अशा मार्च-एप्रिलच्या मोजक्या दिवसांतच रस वाहतो. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती लागतो. युद्ध संपलं, साखर मिळू लागली, तरी चुलाण काही विझलं नाही. आता आसपासचे लोक, शाळकरी मुलं, जुने विद्यार्थी बादल्या वाहायला येतात. पाकाच्या जोडीला असतो ‘सेंट जॉन्स ब्रेड’, जर्मन संन्याशांनी रुळवलेला गडद रंगाचा, जाडसर पाव. ऑगस्ट लागला की मिनेसोटाभर मक्याची कोवळी कणसं आणि टोमॅटो यांचा सुकाळ होतो. नियमावलीतला तो तिसरा पदार्थ असा दारात येऊन उभा राहतो.

* * *

या सगळ्यावर हुकूमत घंटेची. मार्सेल ब्रॉयर या आधुनिक वास्तुकारानं आखलेलं मठाचं चर्च १९६१ मध्ये पूर्ण झालं. त्याच्यापुढे काँक्रीटचा एक अजस्र फलक उभा आहे. उंची ११२ फूट. त्याच्या वरच्या भोकांत क्रूस आणि पाच घंटा बसवल्या आहेत. घंटा झाली की हातातलं काम, मग ते कितीही रंगात आलेलं असो, खाली ठेवायचं आणि निघायचं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी समूह-प्रार्थना, शिवाय रोजची मिस्सा. तळ्यावरून आलेल्याचे केस ओले असू शकतात, उशीर मात्र चालत नाही. उशिरा येणाऱ्यानं कुठे उभं राहायचं, याचंही एक स्वतंत्र प्रकरण आहे.

प्रार्थनेचा मुख्य भाग म्हणजे स्तोत्रं. संन्यासी दोन गट करून समोरासमोर बसतात. एका बाजूनं एक कडवं म्हणायचं, दुसऱ्या बाजूनं पुढचं. दिंडीत दोन रांगांत समोरासमोर उभे राहून वारकरी आळीपाळीनं अभंगाची ओळ उचलतात, तशीच ही रचना. फक्त टाळ-मृदंग नाही आणि घाई तर अजिबातच नाही. प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळे एकदम थांबतात. एक श्वास. मग उरलेली अर्धी ओळ. नवा पाहुणा हटकून या जागी फसतो: सगळे गप्प असताना त्याचा एकट्याचा आवाज पुढे पळतो आणि तो खजील होतो. चार-सहा दिवसांत त्यालाही थांबायची सवय लागते. कवयित्री कॅथलीन नॉरिस इथे दोनदा मुक्कामी राहिल्या. त्या दिवसांतून त्यांचं ‘द क्लॉइस्टर वॉक’ हे १९९६ चं पुस्तक घडलं आणि मठाबाहेरच्या हजारो वाचकांना हा दिनक्रम कळला.

उन्हाळ्यात मुलं घरी जातात म्हणून मठ ओस पडत नाही. सुट्टीतली शिबिरं, जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे, चर्चमधली लग्नं, मौनसाधनेला आलेले लोक यांची वर्दळ असते. दारी आलेल्या प्रत्येकात ख्रिस्त आला असं समजून त्याचं स्वागत करावं, अशी आज्ञा असल्यामुळे पाहुण्यांना ‘जागा नाही’ असं सहसा म्हटलं जात नाही. आणि जुलैच्या अकरा तारखेला खुद्द बेनेडिक्टचा सण येतो. त्याची पुण्यतिथी परंपरेनं २१ मार्च. पण ती नेहमी ईस्टरआधीच्या उपवासकाळात सापडते आणि त्या दिवसांत मेजवानी कशी करणार? रोमन पंचांगाची १९६९ मध्ये फेररचना झाली, तेव्हा त्याचा सण सगळीकडे जुलैत आणला गेला. या सुमारास अनेक मठांत नव्या उमेदवारांच्या शपथा होतात, शपथेला पंचवीस, पन्नास, साठ वर्षं झालेल्यांचे सत्कार होतात. एरवी जेवताना कुणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मुकाट जेवायचं, ही जुनी रीत. सणाला ती बाजूला ठेवली जाते. गप्पा होतात, पेले भरले जातात, ऐंशी वर्षांचे संन्यासी तरुणपणीच्या फजितीचे किस्से सांगतात. ते सगळ्यांना पाठ असतात, पण ऐकावे लागतात.

बव्हेरियातल्या मूळ मठांत पेला म्हणजे अर्थातच बिअरचा. डॅन्यूब नदीच्या वळणावरच्या वेल्टेनबुर्ग मठातली भट्टी आपला इतिहास १०५० पासून सांगते. म्युनिकजवळच्या आंडेक्स टेकडीवर यात्रेकरू देवदर्शनाला जितके येतात, त्याहून जास्त लोक उन्हाळ्यात झाडाखालच्या बाकांवर बिअर प्यायला येतात. त्या कमाईवर मठाची समाजकार्यं चालतात. नियमावलीतल्या पाव लिटरच्या मापाचा तिथे फारसा आग्रह नसतो.

* * *

ब्रॉयरच्या चर्चची उत्तरेची भिंत म्हणजे ४३० षट्कोनी खणांची काचेची जाळी, एक अवाढव्य पोळंच. पोळ्याची आठवण यावी हे साहजिकच, कारण मधमाशी आणि बेनेडिक्टाइन यांचं नातं जुनं आहे. वेदीवरच्या मेणबत्त्यांसाठी मठांना मेण लागे. आणि विसाव्या शतकातला जगातला बहुधा सर्वांत नामवंत मधपाळ बेनेडिक्टाइन होता.

त्याचं नाव ब्रदर ॲडम. जन्म जर्मनीतला, १८९८ चा. अकराव्या वर्षी, १९१० मध्ये, तो इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या बकफास्ट मठात आला. तेव्हा तिथले संन्यासी स्वतःच्या हातांनी दगडावर दगड रचून आपलं चर्च बांधत होते. १९०७ ला सुरू झालेलं ते काम १९३८ पर्यंत चाललं. मुलगा नाजूक प्रकृतीचा, गवंडीकाम त्याला झेपेना, म्हणून त्याला पोळ्यांवर मदतीला लावलं. लवकरच एका रोगानं इंग्लंडमधल्या मधमाश्यांचा फडशा पाडला. बकफास्टच्या सेहेचाळीस वसाहतींपैकी फक्त सोळा वाचल्या. वाचलेल्यांत इटालियन रक्त होतं, हे या तरुणाच्या ध्यानात आलं. पोळ्यांचा कारभार १९१९ मध्ये त्याच्या हाती आला आणि पुढची सत्तरेक वर्षं त्यानं एकाच ध्यासात काढली: शांत स्वभावाची, रोगाला दाद न देणारी आणि मेहनती माशी तयार करायची. त्यासाठी त्यानं डार्टमूरच्या ओसाड माळावर राण्यांच्या संगमाचं वेगळं केंद्र उभारलं. पुढे भूमध्य समुद्राभोवतालचे देश पालथे घातले. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना तर आफ्रिकेतल्या किलिमांजारोच्या उतारावरची माशी पाहायला तो माणसाच्या पाठीवर बसून गेला. ‘बकफास्ट माशी’ आज अनेक देशांत पाळली जाते.

ऑगस्टमध्ये डार्टमूरवर हीदरची झुडपं जांभळी होतात, तेव्हा पेट्या वाहनांवर लादून माळावर न्यायच्या, हा या मधपाळांचा उन्हाळी कार्यक्रम. हीदरचा मध इतर मधांसारखा वाहत नाही. तो पोळ्यात खरवसासारखा थिजून बसतो. ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा घट्ट. नेहमीच्या यंत्रात फिरवून तो बाहेर पडतच नाही. चकत्या कापून दाबयंत्राखाली पिळाव्या लागतात. हाताला, बाहीला, दाराच्या कडीला चिकटणारा हा तपकिरी, किंचित कडवट मध पावावर जाड थरात फासला जातो, कारण त्याला ओघळणं माहीत नाही.

या कथेचा शेवट मात्र गोड झाला नाही. मठाला मधमाशीपालन प्रमाणात हवं होतं, ब्रदर ॲडमला संशोधन पुढे न्यायचं होतं. मठाधिपतींशी मतभेद झाले आणि १९९२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यानं पोळ्यांची जबाबदारी सोडली. नियमावलीचं सत्तावन्नावं प्रकरण कारागिरांविषयी आहे: आपल्या कसबामुळे मठाचं भलं होतं असं कुणाला वाटू लागलं, तर त्याला त्या कामावरून काढावं. ब्रदर ॲडमच्या मनात काय होतं, हा वेगळा प्रश्न. पण सुख मापून देणारी ही व्यवस्था एखाद्याचा ध्यासही मापायला बसते, तेव्हा ती बोचते. तो मठ सोडून गेला नाही. मृत्यू १९९६ चा.

* * *

मठाच्या आयुष्याचं चित्र नुसतं तळं, मध आणि पाव एवढ्यांत काढलं तर ते खोटं ठरेल. सेंट जॉन्सच्या काही संन्याशांनी मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं. पीडितांनी न्यायालयात धाव घेतली, मठाला भरपाई द्यावी लागली आणि २०१३ मध्ये आरोप असलेल्या संन्याशांची नावं जाहीर करावी लागली. आज्ञापालन आणि मौन यांचा आडोसा करून काय काय दडपता येतं, हे मिनेसोटातल्या कुटुंबांनी भोगलं आहे. ती कुरकुर नव्हती, ती रास्त तक्रार होती, आणि ती वेळेत ऐकली गेली नाही.

दुसरं वास्तव संख्येचं. विसाव्या शतकाच्या मध्याला इथे तीनशेहून जास्त संन्यासी होते आणि जगातल्या सर्वांत मोठ्या बेनेडिक्टाइन मठांत सेंट जॉन्सची गणना होई. आता ही संख्या कितीतरी पटींनी आटली आहे आणि उरलेल्यांत पांढऱ्या केसांचेच जास्त. त्यामुळे सुतारशाळा, जंगल, कुंभारशाळा, अतिथिगृह इथे पगारी माणसं आणि स्वयंसेवक संन्याशांच्या बरोबरीनं राबतात. कामं मात्र आटलेली नाहीत. मठाच्या वाचनालयातलं हस्तलिखितांचं केंद्र १९६५ पासून जगभरातली जुनी हस्तलिखितं छायांकित करून जपतं आहे. फादर कोलंबा स्ट्युअर्ट यांच्या काळात हे काम मोसुल, टिंबक्टू अशा युद्धग्रस्त शहरांपर्यंत पोहोचलं. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती परंपरेची हस्तलिखितंही या केंद्रानं स्थानिकांच्या मदतीनं डिजिटल रूपात उतरवली आहेत.

दक्षिण भारताच्या मातीत तर हीच नियमावली कधीची रुजली आहे. बेंगळुरूजवळ केंगेरी भागात आशीर्वनम् हा मठ आहे. आणि तिरुचिरापल्लीपासून जवळ, कुळित्तलैला, कावेरीकाठी १९५० मध्ये दोन फ्रेंच धर्मगुरूंनी ‘सच्चिदानंद आश्रम’ काढला. ज्यूल मोनशानँ आणि ब्रिटनीतल्या मठातून आलेला बेनेडिक्टाइन आंरी ल सो, म्हणजेच स्वामी अभिषिक्तानंद. हा आश्रम ‘शांतिवनम्’ या नावानं ओळखला जातो. पुढे १९६८ मध्ये इंग्रज बेनेडिक्टाइन बीड ग्रिफिथ्स तिथे आले आणि १९९३ मध्ये जगाचा निरोप घेईपर्यंत ते तिथलेच झाले. अंगावर काषाय वस्त्रं, झोपड्यांची वस्ती, प्रार्थनेत संस्कृत नि तमिळ, आरती, जमिनीवर पंगत, शाकाहार आणि हातानं जेवण. हवामान पाहून कपडे ठरवावेत, थंड मुलखात जास्त आणि उष्ण मुलखात कमी, हा निवाडा बेनेडिक्टनंच मठाधिपतीवर सोपवला होता. काळा लोकरी झगा तमिळ उन्हाळ्यात उतरवणं ही बंडखोरी नव्हती; पंचावन्नाव्या प्रकरणाची ती अंमलबजावणी होती.

पंचांग मात्र उलटंपालटं होतं. इटलीतला उन्हाळा ईस्टरनंतर हळूहळू चढतो. कावेरीकाठी ईस्टर येतो तोच मुळी चाळिशीकडे सरकणारा पारा घेऊन. एप्रिल-मे महिन्यांत नदीचं पात्र म्हणजे रुंदच रुंद वाळू आणि मधून एखादी धार. वर मेट्टूरचं धरण आहे. त्याचं पाणी शेतीसाठी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. साल चांगलं असेल तर मग काही दिवसांतच काठावरच्या नारळीच्या बागांना पाणी दिसू लागतं आणि संध्याकाळच्या ध्यानाआधी नदीवर आंघोळीला जाता येतं. कॉलेजव्हिलचा संन्यासी एप्रिलमध्ये बर्फ फुटायची वाट पाहतो, कुळित्तलैचा संन्यासी जूनमध्ये धरणाच्या दारांची.

नियमावलीच्या हिशेबानं उन्हाळ्याची जेवणाची सूट १३ सप्टेंबरला संपते. त्या दिवसापासून उपवासकाळ सुरू होईपर्यंत एकच जेवण, तेही दुपार कलल्यावर. आजच्या मठांत हे अक्षरशः पाळलं जात नाही, पण कॉलेजव्हिलचा उन्हाळा साधारण याच सुमाराला आवरता घेतला जातो. विद्यार्थी परतलेले असतात, वर्ग सुरू झालेले असतात. आणि कुंभारशाळेची माणसं सरपण रचायला घेतात. रिचर्ड ब्रेस्नहन या कुंभारानं जपानमध्ये उमेदवारी करून आल्यावर १९७९ मध्ये ही शाळा सुरू केली. जवळपासची चिकणमाती, जंगलातलं वाळकं लाकूड आणि शेतातल्या काडीकचऱ्याची राख घालून केलेली झिलई, असा तिचा घरगुती मामला. १९९४ मध्ये बांधलेली ‘योहाना’ भट्टी ८७ फूट लांब आहे. ती रोज पेटत नाही. दोन-दोन वर्षं घडवलेली हजारो भांडी साठवून मग एका शरद ऋतूत पेटवली जाते. पेटल्यावर दहाएक दिवस, अहोरात्र, पाळ्या लावून तिच्यात लाकूड सारावं लागतं. मदतीला कोण कोण येणार, कुणाला रात्रपाळी जमेल आणि राबणाऱ्यांच्या जेवणाचं कोण पाहणार, याची यादी उन्हाळा संपता संपता भरायला घ्यावी लागते.